अंदाजातली थंडी आणि अंगणातली थंडी: तुमचे अनुभव सांगा

पाषाणचे काका, पुणे

चार दिवस झाले, पहाटेचं फिरणं बंद आहे. बायको म्हणते, तापमापी बघायला उठता तेवढा व्यायाम पुरे. तर त्या तापमापीवरूनच हा धागा.

हवामान खात्याचा हिवाळी अंदाज डिसेंबर लागता लागता येतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री नेहमीपेक्षा गार राहतील की उबदार, थंडीच्या लाटेचे दिवस वाढतील का, एवढं त्यात असतं. मग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज. मी दोन्ही नेमाने वाचतो. निवृत्त माणसाला काहीतरी व्यसन हवंच. पण महाराष्ट्र त्यात चार तुकड्यांत येतो: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. आता मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत, सगळं एका रंगात! इथे पुण्यातल्या पुण्यात मी पाषाणला स्वेटरवर शाल घेतो तेव्हा मगरपट्ट्यात मुलगी पंखा लावून झोपलेली असते. एकाच पहाटे पाच-सहा अंशांचा फरक मी कितीदा पाहिलाय.

‘थंडीची लाट’ हा शब्दही फार सैल हाताने छापला जातो. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली यावं लागतं, शिवाय ते तिथल्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असावं लागतं. नाहीतर मग सरळ ४ वर घसरावं. बाकी सगळा नुसता गारठा. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारं पावसाळी-बर्फाळ हवामान, उत्तर भारतावरून पुढे सरकला, हिमालयात बर्फ पडलं, की मागून कोरडे वारे सुटतात, आभाळ मोकळं होतं आणि आपल्याकडे पारा उतरतो. बहुतेक वेळा गोष्ट एवढीच असते.

अंदाज वाचून तुम्ही काय करता, आणि प्रत्यक्षात काय होतं, ते लिहा. जुने हिवाळेही चालतील. पुण्याचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा आहे, १.७ अंश. तो अंगावर घेतलेलं इथे कोणी नसेल, पण आजी-आजोबांकडून ऐकलेलं सांगा.

द्राक्षवाला, निफाड

राम राम काका. थंडी पडली की टीव्हीवाल्यांना आमचं गाव आठवतं. तो जो आकडा दाखवतात तो बऱ्याचदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो दोनच्या खाली गेला होता. आता गव्हाला हीच थंडी मानवते, फुटवे चांगले येतात, दाणा भरतो. बांधाच्या पलीकडे चुलतभावाचा गहू आहे. तो मला मुद्दाम फोन करून विचारतो, काय, थंडी कशीये?

माझी बाग अडीच एकर, उतार नदीकडे. त्या वर्षी मण्यांत पाणी उतरलेलं होतं, म्हणजे गोडी धरायला लागलेली. रात्री दोनला उठून मोटर सुरू केली. विहिरीचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं. ते ठिबकनं सोडलं की बुडाशी जरा ऊब राहते. ओळींमध्ये छाटणीच्या काड्या, वर ओला पाला टाकून धूर केला. धूर पांघरुणासारखा बसायला पाहिजे. झुळूक आली की उठून शेजाऱ्याच्या बागेत. (शेजाऱ्यानं सकाळी आभार मानले, खरंच.) आम्ही तिघं, मी, आई आणि पोरगा, आलटून पालटून जाळ बघत होतो. पोराची दहावी होती, तो शेकोटीच्या उजेडात पुस्तक घेऊन बसला. वाचलं किती ते त्यालाच माहीत.

सातला ऊन वर आलं आणि खालच्या चार ओळींत मणी तडकलेले दिसायला लागले. आवाज काही होत नाही, घड हातात घेतला की बोटं चिकटतात तेव्हा कळतं. वरच्या ओळींना ओरखडा नाही. एक बाग, एक मालक, अंदाज एकच.

आता अंदाजाचा उपयोग विचाराल तर तो विजेसाठी. आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडी नेमकी दिवसपाळीच्या आठवड्यात येणार असेल तर पहाटे मोटर चालणारच नाही, मग धुराचं सामान आधीपासून जमवावं लागतं. आणि थंडी गेली म्हणून सुटलो असंही नाही. पाठोपाठ आभाळ येतं, पारा चढतो, भुरी रोग सुरू. आई म्हणते तुला कुठलंच हवामान चालत नाही. खरंय तिचं.

पाषाणचे काका

दादा, त्या खालच्या चार ओळींचं असं आहे. थंड हवा जड, रात्री ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचते. तुमच्या बागेत ती नदीकडच्या कोपऱ्यात डबकं करून बसली. दुसरं, खात्याची तापमापी जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असते. मोकळं आभाळ आणि पडलेला वारा असेल तर जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश कमी सहज असतं. किमान-कमाल दाखवणाऱ्या दोन साध्या तापमाप्या आणा. एक वरच्या ओळीत, एक सगळ्यात खालच्या, घडाच्या उंचीला टांगा. फार महाग नसतात.

स्ट्रॉबेरी, महाबळेश्वर

काकांनी सांगितलं ते आमच्याकडे पर्यटकांना समजावता समजावता पुरेवाट होते. वेधशाळा उंचावर, तिचा आकडा १० वगैरे. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडे खोलगट भाग, तिथे त्याच पहाटे बोटींच्या धक्क्यावर, गाड्यांच्या टपांवर, रोपांवर दव गोठून पांढरं. मग लोक विचारतात की १० अंशांवर बर्फ कसा, तुम्ही साखर टाकली का! रात्री रोपं झाकतो. एखाद्या रात्री कंटाळा केला तर फूल काळं पडतं आणि पुढच्या तोड्याला ते बरोबर दिसतं.

लोकलचा दरवाजा, मुंबई

आमच्याकडे १८ झाले की माकडटोप्या निघतात, ते हसून घ्या एकदाचं. आजी मात्र १९६२ च्या जानेवारीचं सांगायची. सांताक्रूझला ७.४ अंश होतं तेव्हा, २२ तारीख. चाळीत सगळ्यांनी सतरंज्या पांघरल्या म्हणे, रजया होत्या कुणाकडे?

माझा अनुभव वेगळा आहे, दम्याचा. मुंबईत थंडी असते तोवर जमिनीकडचा वारा चालू असतो, समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुटतो. रात्री हवा खाली दबून बसते, सगळ्या बांधकामांची धूळ आणि धूर त्यातच. अंदाजात ‘किमान तापमानात घट’ वाचलं की मी स्वेटर नाही काढत, पंप खिशात आहे का ते बघते. लोक म्हणतात काय मस्त थंडी पडलीय!

आरोग्यसेविका

लिहू की नको करत दोन दिवस वाचत होते. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. बीड जिल्ह्यातून दिवाळी झाली की निघायचं, कोल्हापूरकडच्या कारखान्याला. सहावीपर्यंत मी बरोबर असायचे.

कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी. तिला दार नसतं, साडीचा पडदा असतो. आई चारला उठून चूल पेटवायची आणि मी तिच्या पाठीला टेकून परत झोपायचे. तिच्या तोंडावर जाळ, पाठीला मी. फडात शिरलं की पाल्यावरचं दव अंगावर येतं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. उसाचा पाला थंडीत जास्त कापतो, की हात बधिर असल्याने तेव्हा कळत नाही आणि ऊन चढल्यावर चुरचुरतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढायच्या फळीवरही दव. आई दोनदा घसरली. दुसऱ्यांदा तिने मोळी सोडली नाही, म्हणून वडील तिच्यावरच चिडले होते.

थंडी वाढली की उसात साखर वाढते, कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, चढतो, त्याच्या बातम्या येतात. आम्हाला अंदाज सांगणारा म्हणजे मुकादम. गाडी किती वाजता लागणार ते तो सांगायचा, बाकी काही नाही. वडील मात्र झोपताना आभाळ बघायचे. चांदण्या लखलखत असल्या की म्हणायचे, उद्या कोयता हातात राहायचा नाही. काकांनी मोकळ्या आभाळाचं लिहिलंय ते वाचून तेच आठवलं.

आता माझ्या हद्दीतच कोप्या पडतात. थंडीचा इशारा आला की पहिल्यांदा बाळंतिणी जिथे आहेत त्या कोप्यांवर जाते. बाळाला टोपी, मोजे, आणि उघड्या अंगाशी धरून वरून पांघरूण, हे सगळं तिथेच बसून करून दाखवावं लागतं. निखारे आत घेऊन झोपू नका हेही सांगते. कोपीला फटी असतात म्हणून निभावतं. मागे एका बांधकामावर पत्र्याच्या बंद खोलीत घमेल्यात कोळसे ठेवून झोपलेलं जोडपं सकाळी डोकं धरून, ओकाऱ्या काढत आमच्याकडे आलं. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, झोपेत कळत नाही. दोघं वाचले, कारण पहाटे बाईला बाहेर जायचं होतं आणि तिने दार उघडलं.

संत्रानगरी

काहो, नागपूर विसरले का सगळे? २९ डिसेंबर २०१८ ले आमच्या इथं ३.५ होते, नागपुरातल्या नोंदीतला सगळ्यात कमी आकडा. लोकाइले वाटते नागपूर म्हणजे फक्त ऊन. अधिवेशनाले येणारे मुंबईकर हाफ बाह्यांचे शर्ट घेऊन येतात अन् दुसऱ्या दिवशी बाजारात जाकिटाचा भाव विचारत फिरतात. संत्र्याले ही थंडी पाह्यजे बरं! आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलासाठी, पाणी तोडून झाडाले ताण देतो, त्यात थंडी चांगली बसली की फूल एकजात येते. ताणात मधातच पाऊस आला की गेला बहार.

हापूसवाली, राजापूर

कोकणात थंडी म्हणजे लाड. पावसाळा लांबला की आम्ही डिसेंबरात रोज पहाटे अंगणात उभे राहून अंगावर काटा येतो का बघतो. मोहोर थंडीवर, नाहीतर झाड पालवी काढून मोकळं. सासरे तर बागेत जाऊन झाडांना हात लावून यायचे, जणू ताप बघतात.

पण यात एक मेख आहे, ती बाहेरच्यांना पटत नाही. थंडी फार लांबली तर झाडाला पुन्हा मोहोर येतो. पहिल्या मोहोराची फळं तेव्हा वाटाण्याएवढी, सुपारीएवढी झालेली असतात. झाड सगळं अन्न नव्या मोहोराकडे वळवतं आणि झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. त्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाच्या फवारणीची शिफारस आहे. ती वेळेवर व्हायला हवी, पुन्हा आलेला मोहोर दिसल्यावर करून उपयोग नाही. म्हणून मला ते चार आठवड्यांचे अंदाज कळीचे. थंडी ‘येणार’ हे कुणीही सांगतं, ती किती दिवस मुक्काम करणार ते मला हवं असतं.

केळीवाला, रावेर

ताईंनी बरोबर सांगितलं, मुक्काम महत्त्वाचा. केळीला एक रात्र गार गेली तर ती सोसते. आठवडाभर १० च्या खाली राहिलं की पानं पिवळी, वाढ बंद, घड बाहेर पडताना अडकून बसतो. शेताच्या उत्तर बाजूला गवताची उंच ताटी आणि घडांना पिशव्या, एवढंच हातात असतं.

विम्यातही थंडीचा निकष सलग रात्रींचा आहे आणि मोजणार महसूल मंडळातलं हवामान केंद्र. एका वर्षी दोन रात्री बसल्या, तिसऱ्या रात्री केंद्रावर आकडा किंचित वर राहिला. माझं शेत केंद्रापासून सहा किलोमीटरवर, ओढ्याकाठी. पानं माझी करपली. कुणाला दोष देणार, केंद्र जिथे बसवलंय तिथलं तापमान खरंच तेवढं होतं.

सध्या दिल्लीत

इथे आल्यावर एक शिकलो, किमान तापमान बघायचं नाही, कमाल बघायचं. रात्री ५ असूनही दुपारी २२ चं ऊन असेल तर मजेत जातो दिवस. धुकं बसलं आणि दुपारी १३ च्या वर गेलंच नाही, की तो खरा ‘शीत दिवस’. तेव्हा कपडे वाळत नाहीत, गाड्या आठ-आठ तास उशिरा आणि आपण चहाच्या ग्लासाला चिकटून. पुण्यात निदान अकरा वाजता अंगणात खुर्ची टाकता येते हो काका.

पाषाणचे काका

खुर्ची टाकूनच लिहितोय. आज सकाळी ८.२.

द्राक्षवाला, निफाड

काका, तापमाप्या आणल्या. तीन रात्रींचे आकडे: वरची ओळ ७, ६.५, ६. खालची ओळ ४.५, ३, २.५. पेपरात काल निफाड ५.८ होतं. पोरानं वहीत तक्ता आखलाय, आता तोच पहाटे उठून नोंद करतो, मला हात लावू देत नाही.

आता ३:४० झालेत. वीज रात्रपाळीची आहे, मोटर चालू. वरच्या ओळींचे व्हॉल्व्ह बंद केले, सगळं पाणी खालच्या आठ ओळींना सोडलंय, काड्याही तिकडेच टाकल्यात. वारा पडलेला आहे. धूर बसलाय. सातला कळवतो.