मदत हवी आहे: जीएसडी १ए, कॉर्नफ्लॉवर देऊनही तिसऱ्या तासाला साखर ५८

बाळ १० महिन्यांचं, वजन ८ किलो. ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज टाइप १ए (यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडता येत नाही), जनुकीय तपासणीत नक्की झालंय. डॉक्टरांनी दर चार तासांनी १३ ग्रॅम कच्चं कॉर्नफ्लॉवर सांगितलंय. नुसतं पीत नाही म्हणून गरम पेजेत ढवळून देतोय. ग्लुकोमीटरवर पहिल्या तासाला १४८, दुसऱ्याला ८५, तिसऱ्याला ५८. डोस वाढवायचा का? आणि ५८ असतानाही बाळ मजेत खेळतं, मग मीटर चुकतोय का?

रानजाई: डोस बरोबर आहे. या वयाला साधारण किलोमागे १.६ ग्रॅम धरतात, ८ किलोला १२.८ झाले. घोळ गरम पेजेत आहे. कच्च्या स्टार्चचे कण आतड्यात सावकाश फुटतात आणि साखर तासन्‌तास झिरपत राहते. साठ-सत्तर अंशांच्या पुढे तेच कण फुगतात आणि त्यांची खळ होते. खळ झटकन पचते, साखर चढते, मागोमाग इन्शुलिन चढतं आणि साखर कोसळते. तुमचे तिन्ही आकडे हेच सांगताहेत. आता डोस वाढवलात तर इन्शुलिन आणखी वाढेल.

ताकपिठलं: चमचे मोजू नका, ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. सपाट मोठा चमचा साधारण ८ ग्रॅमचा, पण शीग लागली की हिशेब गेला. १३ ग्रॅमला २५-३० मिली साधं पाणी, आयत्या वेळी कालवायचं. साका लगेच खाली बसतो, म्हणून पाजताना हलवत राहा आणि शेवटी थोडं पाणी घालून विसळून तेही पाजा. बुडाशी राहिलेले ३ ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक तास गेला समजा. लिंबू नको, साखर नको. पाकिटावर फक्त मक्याचा स्टार्च लिहिलेलं हवं. पिवळं मक्याचं पीठ किंवा कस्टर्ड पावडर चालत नाही.

रानजाई: मीटरबद्दल: या आजारात रक्तात लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल) वाढलेलं असतं आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. त्यामुळे साखर घसरली तरी बाळ हसरं दिसतं. चेहऱ्यावर जाऊ नका, ७० च्या वर ठेवायची. खाली गेली तर पुढच्या वेळेची वाट न बघता द्या.

प्रश्नकर्ता: कळलं. जुलाब होताहेत, तेही यामुळेच? घरात बाळघुटी मधात उगाळून देतात, ती चालेल?

ताकपिठलं: मध बंद, आजीबाई रागावल्या तरी. मध, गूळ, साखर, फळांचा रस यांतलं फ्रुक्टोज आणि दुधातलं गॅलॅक्टोज यांचं या बाळांत रक्तातल्या साखरेत रूपांतर होत नाही, लॅक्टेट तेवढं वाढतं. औषधाच्या सिरपमधली साखर आणि सॉर्बिटॉल (गोडी आणणारा पदार्थ) हेही बघा. जुलाब, गॅस सुरुवातीला होतात, कारण स्टार्च पचवणारं अमायलेज अजून पुरतं तयार झालेलं नसतं. एकदम पूर्ण डोसवर गेला असाल तर डॉक्टरांना विचारून थोड्या ग्रॅमपासून चढवत न्या. तोवर दर दोन-तीन तासांची फीड आणि रात्री नळीने द्यायची फीड सोडायची नाही.

रानजाई: उलट्या सुरू झाल्या तर घरी थांबू नका. डॉक्टरांकडून सहीचं पत्र आधीच घेऊन ठेवा, त्यात तीन गोष्टी हव्यात: १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाईन) क्षारांसह लगेच सुरू करावं आणि एकदम तोडू नये, रिंगर लॅक्टेट (लॅक्टेट असलेलं सलाईन) देऊ नये, ग्लुकॅगॉनचा (साखर वाढवायच्या इंजेक्शनचा) उपयोग नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी हा आजार पाहिलेला असेलच असं नाही, आणि कॅज्युअल्टीत पहिली बाटली बऱ्याचदा रिंगर लॅक्टेटचीच लागते.