फोटो अपलोड केला का झाला?

भाचीनं परवा विचारलं, मामा, 'द फोटो इज अपलोडिंग' बरोबर का 'द फोटो इज बीइंग अपलोडेड' बरोबर? सरांनी पहिलं चूक दिलंय, म्हणे फोटो स्वतः काही करत नाही, त्याला कुणीतरी चढवतं, म्हणून पॅसिव्हच पाहिजे. मला हे काही पटलं नाही.

इंग्रजीत दोन्ही चालतं. 'द फोन इज चार्जिंग' ला कुणी चूक म्हणतं का, तिथं तरी फोन स्वतः कुठं काय करतो? अपलोड, डाउनलोड, इन्स्टॉल हे सगळे त्याच वाटेनं गेलेत. आणि ही सवय आजची नाही, अठराव्या शतकात घराचं बांधकाम चालू असलं तर 'द हाऊस इज बिल्डिंग' असं सर्रास लिहायचे, 'इज बीइंग बिल्ट' ही रचना मागून रुळली आणि एकोणिसाव्या शतकातसुद्धा बऱ्याच जाणकारांच्या कानाला ती खटकायची.

आपल्याकडं या कामाला जोड्या आहेत, तोडणं-तुटणं, फोडणं-फुटणं, सोडणं-सुटणं. बाहेरून आलेल्या शब्दाला अशी जोडी मिळत नाही म्हणून आपण त्याला करणं-होणं जोडतो. आमच्या परभणीकडं माणूस सरळ म्हणतो, "थांब, फोटो अपलोड व्हायलाय." हेच ते 'इज अपलोडिंग'. 'फोटो अपलोड केला जात आहे' हा शाळेतला नवीन कर्मणी, म्हणजे मराठीतला पॅसिव्ह, तो स्क्रीनवर वाचायला मिळतो, तोंडात कुणाच्या येत नाही.

खरी गंमत करणं आणि होणं यांच्या मधल्या जागेत आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करायची, तेव्हापासून आमच्या चुलत्यांनाही शेतात उभं राहून सोयाबीनचा फोटो काढावा लागतो, शेतात रेंज नसते, गावात येऊन परत बघावं लागतं. मागच्या खरिपात ते म्हणाले, "म्या अपलोड केला की रे, पण झालाच न्हाई." हे वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं न्या, विसंगत वाटतं, तिथं 'आय ट्राइड टू अपलोड' म्हणावं लागतं. मराठीत काहीच अडत नाही, कारण केला म्हणजे माझ्या हातानं करायचं ते केलं, झाला म्हणजे ते तडीस गेलं. शेतकऱ्याला या दोन्हीतला फरक फार नीट कळतो, त्याची नोंद त्या 'झाला' वर अवलंबून असते.

आणि "होईना" बघा. "कवापासून बसलोय, अपलोड होईना." यात नुसता नकार नाही, परत परत करून बघणं आलं, कंटाळा आला. इंग्रजीत याला 'द फोटो वोन्ट अपलोड' म्हणतात, कर्ता फोटोच. ते पॅसिव्ह करून 'वोन्ट बी अपलोडेड' म्हटलं की अर्थच फिरतो, फोटो चढवायचा नाही असं कुणीतरी ठरवलंय असं वाटायला लागतं. सरांना दाखवायला भाचीला मी हेच वाक्य लिहून दिलं.

डिलीटचं तर विचारूच नका. "मी डिलीट केला" म्हणजे मुद्दाम, "माझ्या हातून डिलीट झाला" म्हणजे चुकून. इंग्रजीत तेवढ्यासाठी 'बाय मिस्टेक' असं वेगळं लावावं लागतं, आपलं काम 'झाला' वर भागतं.