श्रीलंकेत गाडी-ड्रायव्हर हवाच असं नाही

कमी बजेटमध्ये दोघांनी श्रीलंका कशी फिरावी, या प्रश्नावर वर बहुतेकांनी पूर्ण सहलीसाठी ड्रायव्हरसह गाडी सुचवली आहे. लहान मुलं बरोबर असतील तर ठीक, पण दोघंच आहात आणि बजेट कमी म्हणताय, तर बस-रेल्वेवर मस्त भागतं. विमानतळावरून १८७ नंबरची बस थेट कोलंबो फोर्टला जाते. लाल बस सरकारी, बाकीच्या खाजगी, तिकीट कंडक्टरकडेच. गाणी मात्र कानठळ्या बसवणारी!

डोंगरातून जाणाऱ्या कँडी-एल्ला रेल्वेची आरक्षित तिकिटं लगेच संपतात. मग दलालाच्या नादी लागू नका, स्टेशनवर सेकंड किंवा थर्ड क्लासचं अनारक्षित तिकीट काढा. पावसाळ्यात त्या डोंगरात दरडी कोसळतात, त्यामुळे गाडी सुरू आहे ना ते आधी बघा.

प्रश्नात कधी जाताय ते लिहिलेलं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. तिथे दोन पावसाळे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य बाजू भिजते, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली, अरुगम बे गाठा. डिसेंबर ते मार्च दक्षिणेचं गॉल, मिरिसा.

सिगिरिया या खडकावरच्या जुन्या किल्ल्याचं तिकीट परदेशी लोकांना महाग आहे, पण भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते. पासपोर्ट जवळ ठेवा. तरी जड वाटलं तर समोरचा ‘पिदुरंगला’ नावाचा खडक चढा. तिकीट किरकोळ, आणि अख्खा सिगिरिया समोर दिसतो, जो सिगिरियावरून दिसणार नाही :)

शाकाहारी असाल तर एक सांगतो: नारळाच्या सांबोलातही (तिथली चटणी) बरेचदा सुक्या माशाचा चुरा असतो. विचारूनच घ्या.