चर्चा: आयसीयूतल्या नर्स प्रॅक्टिशनरना लेखी अधिकार द्यावेत का?

रात्रपाळी: इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स म्हणजे बीएस्सी नर्सिंग, किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्यावर दोन वर्षांची रेसिडेन्सी. स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे औषध द्यायचं, नोंद करायची आणि डॉक्टरांनी २४ तासांत सही करायची, हे अभ्यासक्रमातच आहे. गोव्यातल्या प्रत्येक आयसीयूनं हे अधिकार लेखी द्यावेत. पहाटे तीनला सेप्सिसच्या (शरीरभर भिनलेल्या जंतुसंसर्गाच्या) पेशंटचं मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६५ च्या खाली उतरलं की नॉरअ‍ॅड (रक्तदाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन) वाढवावंच लागतं. मी काम करते तिथे ते सिस्टरच वाढवते आणि केसपेपरवर ‘फोनवरून ऑर्डर’ असं लिहिते. उद्या काही झालं तर ती एकटी पडते.

म्हादईकाठ: ताई, मी फिजिशियन आहे आणि माझा याला विरोध आहे. औषधाचा रेट वाढवणं सोपं, प्रेशर का उतरलं हे शोधणं अवघड. सेप्सिस वाढलाय, आत रक्तस्राव होतोय, की औषधाची नळीच निसटलीय? रक्तस्राव असेल तर नॉरअ‍ॅडनं आकडा सुधारतो आणि पेशंट हातचा जातो. चोवीस तासांनी केलेल्या सहीला मी देखरेख मानत नाही. बांबोळीच्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) परंपरा १८४२ पासूनची. अशा राज्यात रात्री आयसीयूत डॉक्टर नसेल तर आधी डॉक्टर नेमा.

रात्रपाळी: जरूर नेमा, डॉक्टर. पण तो दुसऱ्या खाटेवर श्वासाची ट्यूब टाकत असेल तेव्हा इथे कुणी बघायचं? ऑर्डरमध्येच मर्यादा लिहा: अमुक रेटपर्यंत सिस्टर, त्यापुढे डॉक्टर खाटेपाशी हजर.

सांगेकर: मी पेशंटच्या बाजूचा माणूस. वडील आयसीयूत होते तेव्हा रात्री औषध कुणी बदललं हे सकाळी कुणीच सांगेना. निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर केसपेपरवर आलाच पाहिजे. नर्सिंग कौन्सिलच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ चा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा आलाय, त्यात राज्य आयोगाचीही तरतूद आहे. हा नियम तिथूनच यावा. प्रत्येक हॉस्पिटलवर सोडला तर खासगीवाले डॉक्टरचा पगार वाचवायला सिस्टरला पुढे करतील.

म्हादईकाठ: माझी भीती नेमकी हीच. मर्यादा आणि नाव दोन्ही चालेल. सही मात्र त्याच शिफ्टमध्ये, पेशंट तपासून. फोनवर नाही.

रात्रपाळी: त्याच शिफ्टमध्ये सही, कबूल. पण डॉक्टर आलेच नाहीत तर तेही केसपेपरवर लिहायची मुभा सिस्टरला हवी. ती देणार का?