घाबरतील, तरी जा
मुलगा गेल्यावर इतर कॅन्सरग्रस्त मुलांच्या आईवडिलांना भेटलो तर ते घाबरतील का, असं तुम्ही विचारलंत. आमची लेक ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेली, म्हणून सांगते. घाबरतात, पण बोलायला आपलं माणूसही हवं असतं. स्वतःहून आपल्या लेकराचा शेवट सांगू नका. विचारलं तर खोटं बोलू नका. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलला आलेली गावाकडची कुटुंबं उतरतात. त्या आयांना आधी कामाचं सांगा: एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट्ससाठी दात्याचे दीड-दोन तास मोडतात; काउंट पडले, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की कापून ठेवलेली फळं नकोत, ताजं गरम जेवण; किमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट न बघता तडक कॅज्युअल्टी. आणि लेकराचं नाव विचारा हो! वर्षश्राद्धाच्या आसपास मात्र जाऊ नका. मी जात नाही.