अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध रिट: उच्च न्यायालय नेमके काय तपासते?

खातेदार (प्रश्न)

नमस्कार. वाटणीच्या एका फेरफारामुळे (हक्कनोंदीतील बदलामुळे) आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरून वडिलांचे नाव कमी झाले. त्या फेरफाराची नोटीस त्यांना कधीच मिळाली नव्हती, म्हणून आम्ही प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केले आणि फेरफार रद्द झाला. चुलत्यांनी त्यावर अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे दुसरे अपील केले. त्याची नेमलेली तारीख कार्यालयात गेल्यावर पुढे ढकलल्याचे तोंडी कळले, नवी तारीख मात्र आम्हाला कोणी कळवली नाही. काही महिन्यांनी थेट निकाल हाती आला. त्यात ‘जाब देणार (म्हणजे आम्ही) गैरहजर’ असे लिहिले असून प्रांतांचा आदेश फिरवलेला आहे.

तालुक्याचे वकीलसाहेब म्हणतात, ‘आता हायकोर्टात रिट टाका.’ वडिलांचे वय ७४ आहे. हायकोर्ट म्हणजे सर्वांत मोठे न्यायालय, तेथे जमीन कोणाची याचा कायमचा निकाल लागेल, अशी त्यांची समजूत आहे. ती खरी आहे का? रिटमध्ये न्यायालय काय बघते, मुंबईला जावे लागेल का आणि प्रत्येक तारखेला वडिलांनी हजर राहिले पाहिजे का, हे कोणी समजावून सांगितल्यास उपकार होतील. आमचा जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचच्या (मुंबईबाहेर भरणाऱ्या बैठकीच्या) सहा जिल्ह्यांपैकी आहे.

फोर्टातील वकील

आपल्या वडिलांची समजूत आधी दूर करायला हवी, कारण तिच्यापोटी पुढे फार मनस्ताप होतो. रिट याचिकेत उच्च न्यायालय जमिनीची मालकी ठरवत नाही. फेरफाराची नोंद ही मुळात महसूल वसुलीच्या सोयीसाठी असते. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जात असली, तरी तिच्यामुळे कोणाला मालकी मिळत नाही आणि कोणाची जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. वाटणी झाली होती की नाही आणि वडिलांचा हिस्सा किती, हे साक्षीपुरावे घेऊन दिवाणी न्यायालयच ठरवील.

मग रिट कशासाठी? संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय कोणत्याही सरकारी प्राधिकाऱ्याला आदेश देऊ शकते आणि अनुच्छेद २२७ खाली आपल्या क्षेत्रातील न्यायालये व न्यायाधिकरणे यांच्यावर देखरेख ठेवते. अधिकाऱ्याला तो निर्णय देण्याचा अधिकार होता का, त्याने दोन्ही बाजू ऐकल्या का, कायद्याने घालून दिलेली रीत पाळली का, ज्याला पुराव्याचा काडीचाही आधार नाही असा निष्कर्ष काढला का, एवढेच तेथे तपासले जाते. अधिकाऱ्याचे मत न्यायमूर्तींना पटले नाही, केवळ एवढ्यावर आदेश रद्द होत नाही. आपल्या प्रकरणात ऐकून न घेता निकाल दिला हाच मुद्दा आहे आणि तो भक्कम आहे. मात्र याचिका मंजूर झाली, तरी बहुधा आदेश रद्द होऊन अपील फेरसुनावणीसाठी त्याच कार्यालयाकडे परत जाईल. हे वडिलांना आजच सांगा.

मुंबईला जावे लागणार नाही. कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्घाटन १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयात कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील प्रकरणे तेथे चालतात. वकीलपत्रावर सही करून प्रतिज्ञापत्र केले, की प्रत्येक तारखेला पक्षकाराने येण्याची गरज नसते.

एक गोष्ट मी अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे. याचिका दाखल होताच तिला फक्त स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक मिळतो. मग कार्यालय हरकती काढते: एखाद्या पानाची झेरॉक्स पुसट आहे, मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर जोडलेले नाही, समास कमी सोडला आहे. या हरकती मुदतीत दूर केल्या नाहीत, तर याचिका सुनावणीला येण्याआधीच फेटाळली जाऊ शकते. त्यामुळे वकिलांना ‘केस टाकली का?’ एवढेच विचारून थांबू नका, ‘ऑब्जेक्शन निघाली का आणि पक्का नंबर पडला का?’ हेही विचारा.

निवृत्त अव्वल कारकून

वकीलसाहेबांनी लिहिले ते मान्य करून एक भर घालतो. माझी बरीच नोकरी अपिलांच्या दप्तरात गेली. आपल्या प्रकरणात निकालपत्राहून महत्त्वाचा कागद आहे तो रोजनामा. प्रत्येक तारखेला कोण हजर होते, काय घडले आणि पुढची तारीख कोणती, हे त्यात त्या-त्या दिवशी लिहिले जाते आणि हजर पक्षकाराची सही घेतली जाते. बदललेली तारीख आपल्याला कळवली असेल, तर तेथे आपली किंवा आपल्या वकिलांची सही असेल, नाही तर संचिकेत नोटिशीची पोहोच असेल. दोन्ही नसतील, तर आपले म्हणणे कार्यालयाच्याच कागदांनी सिद्ध होते. नकलेच्या अर्जात ‘निकालाची नकल’ एवढेच न लिहिता ‘संपूर्ण रोजनामा, नोटिसा व त्यांच्या पोहोचीसह’ असे स्पष्ट लिहावे.

एक शंकाही आहे. अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर कलम २५७ खाली पुनरीक्षणाची, म्हणजे वरिष्ठ महसूल प्राधिकाऱ्याकडून तो आदेश तपासून घेण्याची सोय आहे. ती सोडून थेट उच्च न्यायालयात गेल्यास ‘आधी तिकडे जा’ असे म्हणून याचिका परत पाठवणार नाहीत का?

फोर्टातील वकील

शंका रास्त आहे. पर्यायी उपाय उपलब्ध असताना रिट ऐकायचे नाही हे उच्च न्यायालयाने स्वतःवर घालून घेतलेले बंधन आहे. त्यामुळे त्याचा अधिकार संपत नाही. व्हर्लपूल कॉर्पोरेशनच्या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपवाद सांगितले आहेत: मूलभूत हक्कांचा प्रश्न असेल, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मोडले असेल (जसे, ऐकून न घेता निकाल दिला असेल), अधिकारक्षेत्राबाहेर आदेश दिला असेल किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल, तर पर्यायी उपाय आड येत नाही. येथे दुसरा अपवाद लागू होऊ शकतो. तरीही पुनरीक्षण स्वस्त आहे, जवळ आहे आणि तेथे वस्तुस्थितीही अधिक मोकळेपणाने मांडता येते. म्हणून रोजनामा पाहिल्याशिवाय मी कोणताच सल्ला देणार नाही. तो आपल्या बाजूने स्वच्छ बोलत असेल तर रिट करावे, तो संदिग्ध असेल तर पुनरीक्षण बरे.

संविधानाची अध्यापिका

उच्च न्यायालय एकच असले, तरी त्याची दारे अनेक आहेत. उद्या आपण वाटणीचा दिवाणी दावा लावला आणि तो जिल्हा न्यायालयातील अपिलापर्यंत गेला, तर पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली दुसरे अपील याच उच्च न्यायालयात येईल आणि तेथेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल करून घेतले जाईल. कोणते काम कोणत्या न्यायमूर्तींपुढे जाईल हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. आपल्यासारखे महसुली रिट सामान्यतः एका न्यायमूर्तींपुढे चालते.

हे न्यायालय आपल्या जवळ येणे ही साधी गोष्ट नाही. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या या उच्च न्यायालयाची खंडपीठे पुढे नागपूर, औरंगाबाद आणि पणजी येथे झाली. पश्चिम महाराष्ट्रातील वकील आणि पक्षकार चाळीस वर्षांहून अधिक काळ कोल्हापूरसाठी झगडत होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमातील कलम ५१(३) नुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने अशी बैठक नेमू शकतात. कायम खंडपीठासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादचीही सुरुवात १९८१ साली याच पोटकलमाने झाली. त्याला आव्हान दिले गेले, तेव्हा १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय वैध ठरवला.

भाषेचे अंतर मात्र अजून उरले आहे. अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. सातबारा मराठी, फेरफार मराठी, प्रांतांचा निकाल मराठी आणि याचिका इंग्रजी! ज्याच्या जमिनीचा प्रश्न आहे त्यालाच आपली कैफियत वाचता येत नाही, ही गोष्ट मला फार लागते. आपण याचिकेचा मसुदा वडिलांना वाचून दाखवायला सांगा. त्यात काही चुकीचे असेल, तर ते त्यांच्याच लक्षात येईल.

खातेदार

सर्वांचे मनापासून आभार. काल नकला मिळाल्या. नेमलेल्या तारखेसमोर रोजनाम्यात ‘पीठासीन अधिकारी दौऱ्यावर, प्रकरण पुढे’ एवढेच लिहिले असून तेथे पुढची तारीखही नाही आणि कोणाची सहीही नाही. त्याखाली थेट ‘उभय पक्ष गैरहजर, प्रकरण निकालासाठी बंद’ अशी नोंद आहे. संचिकेत नोटिशीची पोहोच एकही नाही. हे पाहून आमच्या तालुक्याच्या वकीलसाहेबांनी पुनरीक्षण न करता रिटच करायचे ठरवले आहे आणि वाटणीचा दावा वेगळा लावणार आहेत.

निकाल पुन्हा त्याच कार्यालयाकडे जाऊ शकतो, हे वडिलांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘जाऊ दे, पण या वेळी मला बोलू देतील ना?’ सोमवारी आम्ही कोल्हापूरला जात आहोत. प्रत्येक परिच्छेद मराठीत ऐकल्याशिवाय प्रतिज्ञापत्रावर सही करणार नाही, असे त्यांनी वकीलसाहेबांना फोनवर आधीच कळवले आहे.