रविवारी ड्रिल, लेकीचा मॉक आणि नानांची सीईटी

(सोसायटीचा ग्रुप, रविवार दुपार)

बी-३०४ : वर ड्रिल कोणाचं चालू आहे? आज रविवार आहे. मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय ना सगळं? सेक्रेटरीसाहेब, बघा जरा. लेकीचा मॉक, म्हणजे सराव पेपर चालू आहे, साडेबारा ते अडीच. तो मध्येच थांबवता येत नाही.

ए-१०२ सेक्रेटरी : बी-४०४, कृपया नोंद घ्यावी. रविवारी तोडफोडीची व आवाजाची कामं बंद.

बी-४०४ : नमस्कार. किचन ट्रॉलीची दोनच भोकं राहिलीत. १५ मिनिटांत आटपतं.

बी-३०४ : तुमची १५ मिनिटं सकाळपासून चालू आहेत वहिनी.

बी-४०४ : आमच्या मुलाची बारावी होती तेव्हा तुमच्याकडे वास्तुशांतीचा स्पीकर लागला होता. आम्ही ग्रुपवर एक शब्द टाकला नाही. असो.

सी-२०३ : दोनच भोकं ना? मग कारागिरांना कोणीतरी चहा पाठवा. चहा संपेपर्यंत तरी शांतता 😄

नाना ए-२०१ : कसला मॉक? एमबीएच्या कॅटचा का? पुन्हा बसतेय? वहिनी, तिला आपल्या महाराष्ट्राची एमबीएची सीईटी द्यायला सांगा. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज कॉलेजला सीईटीवर जाता येतं.

बी-३०४ : सीईटीही देणार आहे नाना. आणि "पुन्हा"चा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते, कालपासून मनात आहे. लिफ्टमध्ये तिला विचारलं गेलं, "अजून तेच चाललंय का? चांगली नोकरी आहे, कशाला डोकं फोडून घेतेस?" नाव घेत नाही. ती तिथे हसली आणि घरी येऊन पुस्तकाला हात न लावता झोपली. नोकरी सांभाळून रात्री दहानंतर अभ्यासाला बसते ती. गेल्या वर्षी टोटल पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलांच्या पुढे आहे तो आकडा, चांगला होता, एका सेक्शनचा कटऑफ हुकला. हे सगळं दोन मजल्यांत कोणाला समजावून सांगणार?

ए-५०१ : वहिनी, मीच विचारलं. आपुलकीने विचारलं. एवढीशी होती तेव्हापासून बघतोय तिला. आता शेजाऱ्याशी बोलायचीही चोरी झाली म्हणायची.

बी-१०१ : भाऊ, आपुलकी मान्य. पण तुमच्या जावयाचं प्रमोशन का अडलंय असं आम्ही लिफ्टमध्ये कधी विचारलं का?

ए-५०१ : हा मेसेज डिलीट केला आहे.

बी-१०१ : मी वाचला. इथेच उत्तर देऊ की खाली भेटता?

ए-१०२ सेक्रेटरी : वैयक्तिक टिप्पणी नको 🙏 मंगळवारी टाकी सफाई. सकाळी १० ते ४ पाणी बंद राहील.

ए-३०२ : सॉरी, जरा मध्ये विचारते. माझा मुलगा शेवटच्या वर्षाला आहे, तोही या वर्षी बसतोय. टोटल चांगला असून मुलाखतीचा कॉल येत नाही म्हणजे कसं?

सी-१०३ : मी सांगतो काकू. कॅटमध्ये तीन सेक्शन. आधी इंग्रजीचा, मग डीआयएलआर म्हणजे तक्ते आणि तर्काचे सेट, शेवटी गणित. प्रत्येकाला ४० मिनिटं. गणित येतं म्हणून डीआयएलआरची पाच मिनिटं तिकडे वळवू, असं करता येत नाही. वेळ संपली की स्क्रीन आपोआप पुढे जाते. आयआयएम, म्हणजे कॅटवर प्रवेश देणारी मॅनेजमेंट कॉलेजं, टोटलबरोबर प्रत्येक सेक्शनचा पर्सेंटाइलही बघतात. दोन सेक्शन जोरात गेले आणि तिसरा ढेपाळला, की टोटल छान दिसतो पण कॉल येत नाही.

नाना ए-२०१ : म्हणूनच म्हणतो. सीईटी. २०० प्रश्न, निगेटिव्ह नाही.

सी-१०३ : नाना, सीईटी वेगाची परीक्षा आहे, कॅट नेमके प्रश्न निवडण्याची. दोन्ही द्याव्यात, पण एकीचा सराव दुसरीला पुरत नाही. आणि बी-३०४ काकू, मी स्वतः दुसऱ्यांदा देऊन लागलो, म्हणून लिहितोय. कॅटला कितीही वेळा बसता येतं, वयाची अट नाही. स्कोअर त्या एका प्रवेशापुरताच धरतात. ज्याला पुढच्या वर्षी जायचंय त्याला पुन्हा परीक्षा द्यावीच लागते, आधीचा स्कोअर कितीही चांगला असो. यात लाजण्यासारखं काहीच नाही. तिने नोकरी सोडली नाही हे तर उत्तमच. बऱ्याच आयआयएममध्ये अनुभवाचे गुण धरतात आणि मुलाखतीत "मधल्या वर्षात काय केलं?" याला सरळ उत्तर असतं.

बी-३०४ : हे तिला मी सांगितलं तर "आई, तुला काय कळतं" म्हणते. तुझा मेसेज दाखवते.

सी-१०३ : दाखवा. आणि एक विचारा तिला. गेल्या वर्षीची रिस्पॉन्स शीट तिने काढून ठेवलीय का? आपण कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते त्यात असतं. पुन्हा बसणारे बहुतेक जण नवा क्लास, नवी पुस्तकं घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात करतात. जे येत होतं तेच पुन्हा करत बसतात, कारण ते करताना बरं वाटतं. मग स्कोअरही तोच येतो. २०२४ला डीआयएलआरमध्ये २२ प्रश्न होते, पाच सेटमध्ये वाटलेले. पाचही सोडवायला गेलं की संपलंच. आधी सगळे वाचायचे, कोणते सोडून द्यायचे ते ठरवायचं आणि त्यांच्याकडे वळून बघायचं नाही. मी पहिल्या वर्षी एकाच सेटवर अडून बसलो, हट्टाने.

बी-३०४ : वही आहे तिची तशी. प्रत्येक मॉकनंतर चुकलेले प्रश्न लिहिते आणि पुढे तीन रकाने. "येत नव्हतं", "वाचताना घोळ", "घाई". घाईचा रकाना पान उलटून मागे गेलाय.

सी-१०३ : मग ती योग्य रस्त्यावर आहे काकू. येत नव्हतंचा रकाना लांब असता तर मला काळजी वाटली असती. बरोबर उत्तराला ३, पर्याय चुकला तर वजा १. घाईतले चार प्रश्न सोडले तरी पर्सेंटाइल हलतो. ज्यात उत्तर टाईप करायचं असतं, तिथे मात्र चुकलं तरी गुण जात नाही. ते कोरे ठेवायचे नाहीत.

बी-४०४ : काम थांबवलंय. पण एक विचारते. परीक्षा हॉलमध्ये आवाज नसतो का? थोडी सवय नको?

बी-३०४ : हॉलमध्ये कोणी खोकतं, खुर्ची सरकवतं. डोक्यावर स्लॅब फोडत नाही.

सी-२०३ : 🙊

बी-४०४ : शब्द जरा जपून वापरा. स्लॅब कोणी फोडलेला नाही.

ए-१०२ सेक्रेटरी : दोघींना विनंती 🙏 परीक्षा कधी आहे? तोपर्यंतच्या रविवारांसाठी वेगळी सूचना काढतो.

बी-३०४ : नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. तीन स्लॉट असतात, सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेचार. तिला कोणता मिळेल ते हॉलतिकीट आल्यावर कळेल, म्हणून मॉक आलटून पालटून तिन्ही वेळांना देते. दिवसभर कोणी श्वास रोखून बसा असं नाही म्हणत मी. फक्त ते दोन तास.

नाना ए-२०१ : आमच्या थोरल्याने कॅट कागदावर दिली होती. २००८पर्यंत कागदच होता, पुढच्या वर्षीपासून कॉम्प्युटर. तोही दुसऱ्या खेपेला लागला. सीईटीचा फॉर्म चुकवू नका एवढंच.

बी-१०१ : नाना, हे थोरल्याचं आज कळतंय! इतकी वर्षं बोलला नाहीत.

नाना ए-२०१ : तेव्हा कोणाला सांगायची सोय नव्हती. लोक काय म्हणतील. त्याची आई दार लावून रडायची.

ए-५०१ : वहिनी, तिला सांगा मी विचारत होतो ते काळजीने. पुढे नाही विचारणार.

बी-३०४ : बरं.

सी-१०३ : शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. क्लब हाऊस मिळालं तर तिच्याबरोबर डीआयएलआरचे सेट घेऊन बसतो. ए-३०२ काकू, मुलालाही पाठवा.

ए-१०२ सेक्रेटरी : किल्ली वॉचमनकडे. एसी लावल्यास तासाचे पैसे नियमाप्रमाणे.

बी-१०१ : मुलं अभ्यासाला बसणार आणि पैसे? किटी पार्टीला माफ केले होते ना मागे?

ए-१०२ सेक्रेटरी : तो विषय सर्वसाधारण सभेत.

बी-४०४ : एसीचे पैसे आमच्याकडून घ्या. पण स्पीकरची गोष्ट खरी आहे, तेवढं लक्षात असू द्या.

बी-३०४ : असू दे लक्षात. थँक यू वहिनी. शनिवारी ११ला पाठवते तिला. कॅल्क्युलेटर द्यायचा का बरोबर?

सी-१०३ : नको. परीक्षेत फक्त स्क्रीनवरचा चालतो, माऊसने दाबायचा. त्याचीच सवय हवी. वही मात्र आणायला सांगा, घाईच्या रकान्यापासून सुरू करू.